थर्मल कॅमेरा दारात नको, खोलीत हवा

महोदय,

कोविडच्या काळात घाईघाईने बसवलेले थर्मल कॅमेरे आजही अनेक इमारतींच्या दारात दिसतात. पडद्यावर हिरवा आकडा उमटला की सुरक्षारक्षक माणसाला आत सोडतो. तो आकडा बऱ्याचदा विश्वासार्ह नसतो, आणि त्यात दोष यंत्रापेक्षा मांडणीचा जास्त असतो.

कॅमेऱ्याला अंगातला ताप दिसत नाही, दिसते ती त्वचेवरची उष्णता. उन्हातून चालत आलेल्याचे कपाळ तापलेले असते, तर घामेजलेल्याचे पंख्याखाली गार पडते. म्हणून मोजायचा तो डोळ्याचा नाकाकडचा कोपरा. चष्मा काढायलाच हवा, कारण कॅमेरा टिपतो ती उष्णतेची अवरक्त किरणे काच अडवते. काचेच्या बंद दाराआडून घेतलेले मापही त्यामुळेच निरर्थक. आयएसओ १३१५४ या मार्गदर्शिकेनुसार चेहरा चित्रात किमान २४० × १८० पिक्सेल भरायला हवा. म्हणजे एका वेळी एकच माणूस, कॅमेऱ्यासमोर थांबलेला. चालत्या गर्दीत हे साधणार नाही.

खोलीचे तापमान २० ते २४ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत हवी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे एसीशिवाय शक्य नाही, पण एसीचा झोत चेहऱ्यावर येता कामा नये. मागे स्टीलचे लिफ्टचे दार किंवा ऊन येणारी खिडकी नको. बाहेरून आलेल्याला १५ मिनिटे बसवावे. कॅमेराही आधी सुरू करून तापू द्यावा, अनेक यंत्रांना अर्धा तास लागतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये त्वचेसाठी उत्सर्जकता, म्हणजे पृष्ठभाग किती सहज उष्णता बाहेर टाकतो याचे प्रमाण, ०.९८ ठेवावी.

सर्वांत जास्त काटकसर होते ती ब्लॅकबॉडीत, म्हणजे पुस्तकातल्या कृष्णिकेत. ३५ अंशांवर स्थिर राहणारी ही पेटी चेहऱ्याइतक्याच अंतरावर, त्याच चित्रात हवी. कॅमेऱ्याने तिचे तापमान ३५.६ दाखवले, तर ०.६ची चूक तिथेच कळते आणि वजा करता येते. ती नसेल तर कॅमेऱ्याचा आकडा दिवसभरात किती सरकला हे कळायला मार्गच नाही.

काही सॉफ्टवेअर आकडा ३६.५च्या आसपास ओढून घेतात. कॅमेरा कपाळाचे माप घेत असेल, तर कपाळावर गरम पाण्यात पिळलेला रुमाल मिनिटभर धरा आणि लगेच कॅमेऱ्यासमोर उभे राहा. आकडा हललाच नाही, तर पुरवठादाराला जाब विचारा.

कॅमेऱ्याने जास्त दाखवलेल्या प्रत्येकाचा ताप साध्या थर्मामीटरने पुन्हा मोजावा. नव्या निविदांमध्ये कृष्णिका, तिचे वार्षिक कॅलिब्रेशन आणि बंदिस्त खोली या तीन अटी शाळा व रुग्णालयांनी लेखी घालाव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक बायोमेडिकल अभियंता, ठाणे