अंकल, त्या चौथ्या फ्रेटबद्दल

प्रिय अंकल,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून बोलायला गेलो तर गळा दाटून येईल, म्हणून लिहितोय.

जाझ गिटारचा नाद लागून मला आठ वर्षं झाली. त्यातली सात अमेरिकन गिटारवादक वेस माँटगोमेरी रेकॉर्डवर वाजवतो तसंच वाजवण्यात गेली, अंगठ्यानं, ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे एकच सूर दोन सप्तकांत एकदम. त्यात वाईट काही नव्हतं. वेसनंसुद्धा त्याच्या आधीच्या चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाचे सोलो ऐकून ऐकून पाठ केले होते. पण पाठांतर झाल्यावर पुढं काय, हे मला कुणी सांगितलं नाही. ज्यांना फी भरली त्यांनी स्केलांच्या झेरॉक्स दिल्या, आणि एक सूर इकडचा तिकडे झाला की हात वर करून थांबवलं. "आधी पुस्तकातलं नीट वाजव, मग स्वतःचं बघू." हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी गिटार कपाटावर गेली.

जुलैच्या पावसात भिजत कॅम्पातल्या तुमच्या घरी आलो. कुठं शिकलास, किती शिकलास, तुम्ही काही विचारलं नाही. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, एवढ्या तीन कॉर्डांची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांची, फेरी धरून बसलात आणि म्हणालात, "वाजीव."

चौथ्या फेरीला जी सेव्हनवर माझं बोट घसरलं. पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा, म्हणजे गळ्यावरच्या तिसऱ्या पट्टीचा, जी हवा होता, लागला चौथ्यावरचा ए फ्लॅट. सवयीनं मी थांबलो. तुम्ही थांबला नाहीत. फेरी फिरून पुन्हा जी सेव्हनवर आली, तेव्हा माझ्याकडे न बघता तुम्ही करंगळी त्याच चौथ्या फ्रेटवर टेकवलीत. माझा चुकलेला सूर तुमच्या कॉर्डमध्ये जाऊन बसला.

"थांबलास कशाला रे? बरा आहे की तो. परत घे."

परत घेतला. तिथनं अर्धा सूर खाली उतरलो तर थेट सी मेजरच्या पंचमावर. अंकल, सात वर्षांत पहिल्यांदा मी जे वाजवलं ते कुठल्या रेकॉर्डवर नव्हतं.

आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे गायक कुमार गंधर्व आठवले. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ते हुबेहूब गायचे. पुढं क्षयानं फुप्फुस अधू झालं, आणि त्या आजारातून उठल्यावर जे गायले ते फक्त त्यांचंच होतं. वेस १९२३चा, कुमारजी १९२४चे. हे दोघं मला आता शेजारी राहणारे वाटतात.

चुका दाखवणारे पुष्कळ भेटले, आणि त्यांना येत होतं पुष्कळ. पण समोरचा अडखळला तरी आपला ताल न सोडता त्याच्यासाठी कॉर्ड धरून बसायला मन मोठं लागतं. ते तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही त्याचा उच्चारही केला नाहीत.

गिटार कपाटावरनं खाली आली आहे. रोज रात्री घरी तीच फेरी धरतो, ए फ्लॅटवर मुद्दाम रेंगाळतो. हल्ली तिथनं कधी वरही जातो. नीट जमत नाही अजून. रविवारी चारला येतो, ते तुम्हाला ऐकवायचं आहे.

तुमचा,
पावसात भिजून आलेला पोरगा