परवाना आहे, पण बँक खाते नाही

माननीय संपादक,

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जानेवारी २०१४ पासून परवानाधारक दुकानांतून प्रौढांना गांजाची विक्री होते व राज्य त्यावर रीतसर कर वसूल करते. मात्र गांजाला देशभर बेकायदा ठरवणाऱ्या १९७० च्या संघीय कायद्यामुळे या विक्रीचा पैसा स्वीकारणाऱ्या बँकेवर मनी लाँडरिंगचा ठपका येण्याची भीती कायम असते. संघीय अर्थखात्याच्या, आर्थिक गुन्ह्यांवर लक्ष ठेवणाऱ्या फिनसेन विभागाने फेब्रुवारी २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या खऱ्या, पण त्यांनुसार अशा प्रत्येक ग्राहकाबाबत संशयास्पद व्यवहाराचे अहवाल पाठवावे लागत असल्याने मोठ्या बँका दूरच राहिल्या. परिणामी दुकानांत रोकड साठते आणि तिच्यासोबत दरोड्याचा धोकाही. २०१६ मध्ये अरोरा शहरातील अशाच एका दुकानाचा सुरक्षारक्षक दरोड्याच्या प्रयत्नात मारला गेला. गांजा विकावा की नाही, हा वाद स्वतंत्र आहे. परंतु ज्या व्यवसायाकडून सरकार कर घेते, त्याच्या कामगारांचा जीव असा टांगणीला ठेवणे मला सर्वस्वी अन्यायकारक वाटते. शिवाय बँकेतून फिरणाऱ्या पैशाचा माग काढता येतो, तसा रोकडीचा काढता येत नाही. बँकांना संरक्षण देणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने सप्टेंबर २०१९ मध्ये ३२१ विरुद्ध १०३ मतांनी संमत केले होते. सिनेटने तेव्हाच त्यावर मतदान घ्यायला हवे होते.

– एक वाचक, डेन्व्हर