नव्या पिकअपला दोष देण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इलेक्ट्रिक गिटार आणि बास गिटारच्या देखभालीवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. बासचे जुने पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारे भाग, काढून नवे बसवले की वाद्याचा आवाज पालटतो, एवढे सांगून लेखक पुढच्या विषयाकडे वळले आहेत. खरी अडचण तिथेच सुरू होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी मोटर रिवाइंडिंगचे काम करतो आणि तरुणपणापासून बास वाजवतो. नवे पिकअप बसवून निराश झालेले बासवादक माझ्याकडे येतात. त्यांचे बास उघडून पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे की दोष बहुतेक वेळा पिकअपचा नसतो, तो कसा जोडला आणि कुठल्या उंचीवर बसवला याचा असतो. हे दोन्ही समजून घेणे वाजवणाऱ्या कोणालाही जमेल.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली इनॅमल केलेली तांब्याची वायर. अमेरिकन मोजमापातली ४२ गेजची ही वायर जाडीला साधारण ०.०६ मिलिमीटर असते आणि तिचे हजारो वेढे असतात. मोटरच्या वाइंडिंगची सवय असलेल्या माझ्यासारख्या माणसालाही ती हाताळताना श्वास रोखावा लागतो. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये, म्हणजे वायरच्या या गुंडाळीत, विद्युत दाब (व्होल्टेज) निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. हा दाब मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतका असतो, त्यामुळे बासच्या पोटातल्या या वायरला हात लावायला घाबरण्याचे कारण नाही. सांभाळायची ती ॲम्प्लिफायरची अर्थिंग.

अलीकडचे एक उदाहरण सांगतो. एक तरुण बासवादक मुलगी तिचा फेंडर कंपनीच्या जॅझ बासच्या घराण्यातला, म्हणजे दोन सिंगल कॉइल (एकेका गुंडाळीचे) पिकअप असलेला बास घेऊन आली. दोन्ही पिकअप नवे होते आणि एका दुरुस्ती करणाऱ्याने बसवून दिले होते. नेककडचा (मानेजवळचा) एकटा लावला की आवाज भरीव, ब्रिजकडचा (तारा जिथे अडकवतात त्या बाजूचा) एकटा लावला की तोही चांगला. दोन्ही पूर्ण उघडले की खर्ज गायब, टेलिफोनमधून ऐकल्यासारखा पोकळ आवाज उरायचा. पिकअप खराब निघाले असे तिला सांगण्यात आले होते आणि ती ते परत करायच्या तयारीत होती. मी एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली, आणि खर्ज जागेवर आला. दोन पिकअप एकमेकांच्या उलट्या फेजमध्ये जोडले गेले होते, त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याला खोडून टाकत होता. विकत घेतलेल्या वस्तूत काहीही उणे नव्हते. तिला मात्र इतके दिवस आपण पैसे वाया घालवले असे वाटत राहिले, याचे मला मनापासून वाईट वाटले.

ही तपासणी सोपी आहे. सुईचा मीटर कमीत कमी डीसी व्होल्टच्या रेंजवर ठेवून पिकअपच्या दोन वायरींना लावावा आणि पिकअपच्या चुंबकावर लोखंडी स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवावा. सुई कुठल्या बाजूला उडते ते पाहावे. दुसऱ्या पिकअपलाही तसेच करावे. दोन्ही वेळा सुई एकाच बाजूला उडाली पाहिजे. मात्र पिकअपच्या खालची धातूची पट्टी किंवा वरचे आवरण अर्थच्या वायरला जोडलेले असेल, तर वायरी उलटण्याआधी ती जोडणी सोडवून वेगळी करावी लागते. नाहीतर ती सगळी पट्टीच सिग्नलच्या बाजूला जाते आणि हात लागताच हमिंग, म्हणजे सतत येणारी घुं अशी घरघर, वाढते.

जो फक्त एकच पिकअप बदलतो त्याने याहून जास्त सावध असावे. जॅझ बासच्या जोडीत दोन पिकअपचे चुंबक उलट्या ध्रुवांचे असतात आणि वाइंडिंगही उलटे असते. दोन्ही उलटे असल्यामुळे तारांचा सिग्नल जुळून येतो आणि बाहेरून येणारे हमिंग एकमेकांना मारते. नव्या पिकअपच्या वरच्या बाजूला बासमध्ये राहिलेल्या दुसऱ्या पिकअपसारखाच ध्रुव असेल, तर मग दोनच पर्याय उरतात: आवाज भरीव पण हमिंगसकट, किंवा हमिंग नाही पण आवाज पोकळ. साध्या होकायंत्राची सुई जवळ नेली की ध्रुव कळतो. हे विकत घेण्याआधी पाहायचे.

फेंडरच्याच प्रिसिजन बासची गोष्ट वेगळी. १९५१ साली तो आला तेव्हा त्यात एकच अखंड पिकअप होता. १९५७ पासून त्याचे दोन तुकडे झाले, एक जाड दोन तारांखाली आणि दुसरा बारीक दोन तारांखाली. इथे एका तुकड्याच्या वायरी उलट्या लागल्या तर खर्ज जात नाही, कारण प्रत्येक तारेखाली मुख्यतः एकच तुकडा असतो. पण हमिंग रद्द व्हायचे ते उलट दुप्पट होते. लोक मग तांब्याची फॉइल लावत बसतात, केबल बदलतात, ॲम्प बदलतात, आणि चूक त्या दोन वायरींमध्येच राहते.

वायरींच्या रंगांवर तर कधीच विसंबू नये. फेंडरच्या नेहमीच्या दोन वायरींच्या पिकअपमध्ये काळी वायर अर्थची असते. सेमूर डंकन कंपनीच्या चार वायरींच्या पिकअपमध्ये तीच काळी सिग्नलची असते. डिमार्झिओ कंपनीच्या चार वायरींमध्ये सिग्नलला लाल. जुनी जोडणी तोडण्यापूर्वी तिचा फोटो काढावाच, पण नवीन पिकअप त्याच रंगांच्या हिशेबाने जोडू नये.

पॉटकडे, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणाखालच्या फिरत्या रेझिस्टरकडे, आपल्या लेखकांनी पाहिलेलेच नाही. साध्या, बॅटरी नसलेल्या पिकअपला बहुधा २५० किलोओहमचे पॉट लागतात, हमबकरला (हमिंग मारणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपला) अनेकदा ५०० चे. बॅटरीवरच्या ॲक्टिव्ह पिकअपला २५ किलोओहमचे. ॲक्टिव्ह पिकअप काढून त्या जागी साधे बसवले आणि जुने २५ चे पॉट तसेच ठेवले, तर आवाज इतका मेलेला येतो की कोणीही पिकअपलाच नावे ठेवील. उलट बाजूने, ॲक्टिव्ह पिकअप २५० च्या पॉटला जोडले की व्हॉल्यूम हळूहळू कमी-जास्त होत नाही, एकदम उडी मारतो. ॲक्टिव्ह जोडणीत स्टिरिओ जॅक लागतो, कारण केबलचा प्लग आत गेला की त्याच जॅकमधून ९ व्होल्टच्या बॅटरीचे सर्किट पूर्ण होते. वाजवून झाले की केबल काढून ठेवायची ती याचसाठी.

जाहिरातींत पिकअपचा रेझिस्टन्स मोठ्या अक्षरांत छापतात, त्याबद्दलही थोडे लिहितो. तेवढेच वेढे जरा बारीक वायरने घातले तरी रेझिस्टन्स वाढतो, आवाज वाढेलच असे नाही. आमच्या धंद्यात शिकाऊ पोरालाही हे माहीत असते. जॅझ बासच्या पिकअपचा सात-आठ किलोओहम आणि प्रिसिजनच्या दोन्ही तुकड्यांचा मिळून दहा-अकरा किलोओहम आला की कॉइल शाबूत आहे, एवढेच समजावे. मीटरने काहीच दाखवले नाही तर वायर तुटली आहे. फेंडर पद्धतीच्या बऱ्याच पिकअपमध्ये ती थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते. त्यामुळे एखादी तार मोठी वाजते म्हणून तिच्याखालचा चुंबक अंगठ्याने खाली दाबू नये. त्या एका दाबाने पिकअप कायमचा जाऊ शकतो.

सोल्डरिंगमध्ये पॉटच्या पाठीवर अर्थ जोडणे सर्वांत अवघड, कारण पत्रा उष्णता ओढून घेतो. लहान आयर्नने बराच वेळ घासत बसण्यापेक्षा ४० वॅटचे, रुंद टोकाचे आयर्न घ्यावे, पत्रा पॉलिश पेपरने हलका घासावा, वायरला आधी सोल्डरचा थर द्यावा आणि काही सेकंदांत काम संपवावे. जास्त वेळ तापवले तर पॉटच्या आतला कार्बनचा पट्टा खराब होतो आणि मग फिरवताना खरखर येते. शिसे असलेले ६०/४० सोल्डर वापरले तर खिडकी उघडी ठेवावी, नंतर हात धुवावेत, आणि बासच्या पॉलिशवर जाड कापड अंथरावे. ब्रिजखालून येणारी अर्थची वायर विसरली जाते ती हमखास. साध्या पिकअपच्या बासवर तारांना हात लावला की हमिंग कमी झाले पाहिजे. हात लावल्यावर ते वाढत असेल तर जॅकवरच्या वायरी उलट्या आहेत. तारा चढवण्याआधीच केबल लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवून ऐकावे, म्हणजे पुन्हा सगळे खोलावे लागत नाही.

शेवटी उंची. शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून धरावी आणि पिकअप व तार यांतले अंतर जाड तारेखाली अडीच ते तीन मिलिमीटर, बारीक तारेखाली दोनच्या आसपास ठेवून सुरुवात करावी. जवळ नेला की आवाज मोठा होतो म्हणून स्क्रू फिरवत राहायचे नाही. चुंबक तारेला ओढू लागतो, वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो, आणि मग माणूस ब्रिजची इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर यावा यासाठीची जुळवणी, उगीच बिघडवून घेतो. पिकअपखालचा फोम कालांतराने दबून मरतो. तो बदलला नाही तर स्क्रू सैल केला तरी पिकअप वर येतच नाही. पुष्कळ बास असे आहेत की नवा फोम, नव्या तारा आणि नीट लावलेली उंची एवढ्यावरच त्यांचा मालक खूश होऊन परत जातो आणि पिकअप बदलायचा विचारच सोडतो. बासवादक जेम्स जेमरसनने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवलेल्या १९६२ च्या प्रिसिजन बासवर जाड फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा होत्या, आणि तो त्या सहसा बदलत नसे. त्या आवाजात पिकअपइतकाच तारांचा वाटा आहे, असे माझे ठाम मत आहे. तो आवाज मिळवण्यासाठी नवा पिकअप घेणाऱ्याने आधी तारा बदलून पाहाव्यात.

माझी विनंती तिघांना आहे. पिकअप बनवणाऱ्यांनी खोक्यात चकचकीत स्टिकरऐवजी एक कागद घालावा. त्यावर कुठल्या रंगाची वायर कशाची, वरच्या बाजूला चुंबकाचा कुठला ध्रुव आहे आणि किती किलोओहमचे पॉट लागतील, हे लिहिलेले असावे. दुरुस्ती करणाऱ्यांनी काढलेले पिकअप मालकाच्या हातात परत द्यावेत आणि काय बदलले ते लिहून द्यावे. आणि आपण, संपादक महोदय, पुढच्या पुरवणीत बासच्या फोटोऐवजी दोन व्हॉल्यूम आणि एका टोनच्या साध्या जोडणीची आकृती छापावी. तीत पिकअपची वायर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या टोकाला का जाते, तेही लिहावे. ती कडेच्या टोकाला गेली तर एक व्हॉल्यूम पूर्ण बंद करताच दुसराही पिकअप गप्प होतो. आकृती बिनचूक आहे की नाही हे छपाईआधी तपासून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

आपला,
एक बासवादक वाचक