शेवटची पंधरा मिनिटं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘इट हॅपन्ड वन नाइट’वरचा लेख वाचला आणि सोमवारचा अख्खा दिवस चिडचिडीत गेला. १९३०च्या दशकातल्या अमेरिकेतल्या मंदीत होरपळणाऱ्या लोकांना स्वप्नं विकणारा हा सिनेमा, त्यात मंदी औषधालाही सापडत नाही, असं तुमचे लेखक म्हणतात. त्यांनी तो बसमधला प्रसंग पाहिलाच नाही का? उतारू गाणी म्हणताहेत, ड्रायव्हरही रंगात आलाय, गाडी रस्ता सोडून खाली जाते, आणि त्या गडबडीत एक पोरगा रडायला लागतो. त्याची आई भुकेनं बेशुद्ध पडलीय; होते नव्हते ते पैसे तिकिटात गेलेत. नोकरी गेलेला बातमीदार पीटर नोट काढतो आणि श्रीमंत बापाच्या घरून पळालेली एली ती पोराच्या हातात ठेवते. पुढे या दोघांवरच कच्ची गाजरं खायची वेळ येते. मंदी आणखी कशी दाखवायची?

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. १९८२ साली फिल्म सोसायटीच्या खेळाला मी त्यांना नेलं होतं. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी कानाशी मराठीत सांगत होते. तो पोरगा रडायला लागला तसा त्यांनी माझा हात दाबला. “राहू दे, कळतंय,” म्हणाले.

म्हणूनच गेल्या महिन्यात आमच्या गावातल्या एका क्लबनं हा सिनेमा लावला तेव्हा नातीला घेऊन गेले. वेळ सहाची होती. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, भाषणं यात पाऊण तास गेला. सव्वाआठला दिवे लागले; हॉल पुढच्या कार्यक्रमाला द्यायचा होता. सिनेमाची पंधरा मिनिटं बाकी होती! मी उठून विचारलं, तर संयोजक म्हणाले, “मावशी, शेवटी ती त्याच्याकडेच जाते, सगळ्यांना ठाऊक आहे.” घरी येताना नात विचारत होती, “आजी, मग त्याला बक्षीस मिळालं का?”

पळालेल्या एलीला शोधून देणाऱ्याला तिच्या बापानं लावलेलं बक्षीस होतं दहा हजार डॉलरचं. तेवढ्यासाठीच पीटर आलाय असं एलीच्या बापाला वाटतं, आणि पीटर मागतो ३९ डॉलर ६० सेंट. वरखर्च, ओव्हरकोट, बॅग, टोपी, तीन शर्ट, असा लिहून आणलेला हिशेब. पदराला खार लागलीय तेवढंच द्या, एक सेंट जास्त नको. तिच्यावर त्याचा किती जीव आहे हे बापाला त्या हिशेबावरून कळतं. रोज चिल्लर मोजून भरणारे माझे वडील या ठिकाणी खुर्चीत पुढे सरकून बसले होते. मुक्कामाच्या खोलीत दोघांच्या खाटांमध्ये दोरीवर टांगलेली ती घोंगडी, बायबलातल्या तुतारीनं कोसळणाऱ्या भिंतीवरून नाव दिलेली त्यांची ‘जेरिकोची भिंत’, शेवटी खाली पडते तेव्हा पडद्यावर दोघांपैकी कुणीच दिसत नाही, आणि तरी माणसं खूश होऊन घरी जातात. १९३४ पासून हे चाललंय. ‘चोरी चोरी’ आणि ‘दिल है के मानता नहीं’ याच गोष्टीवर उभे राहिले. शेवट ठाऊक असूनही लोक पुन्हा बघायला येतात, कारण तिथं पोचण्याची वाट गोड आहे. ती वाटच कापून टाकायची आणि वर आम्हाला ‘ठाऊक आहे’ म्हणून सांगायचं?

आणखी एक. लेखात दिग्दर्शक फ्रँक काप्रांचं नाव चार वेळा आलंय, क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोल्बेर यांचे फोटोही आहेत. पण रॉबर्ट रिस्किन? या सिनेमाच्या पाच ऑस्करांपैकी एक त्यांच्या पटकथेला होतं. मूळ कथा सॅम्युएल हॉपकिन्स अॅडम्स यांची, त्यांचंही नाव नाही. मराठी सिनेमांच्या परीक्षणातही तुम्ही हेच करता. शुक्रवारच्या चौकटीत नट, दिग्दर्शक, निर्माता सगळे असतात, फक्त लिहिणारा नसतो. येत्या शुक्रवारपासून त्याच्यासाठी एक ओळ ठेवावी, ही विनंती.

आपली जुनी वाचक,
सातारा