रायफलचा तडा आणि कंपनीचं एका ओळीचं उत्तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला वॉरंटीवरचा लेख वाचला आणि शेवटच्या परिच्छेदाला डोकंच फिरलं. लेखक म्हणतात बिल जपून ठेवा, वॉरंटी कार्ड भरून पाठवा, मग कंपनीला दुरुस्ती करून द्यावीच लागते. बिल माझ्याकडे होतं, कार्ड भरलेलं होतं, कंपनीच्याच यादीतल्या काडतुसांची रिकामी खोकीसुद्धा ठेवली होती, तरी माझ्या शिकारीच्या रायफलचा तडकलेला लाकडी दस्ता कंपनीकडे महिनोन्महिने अडकून जसा गेला तसाच परत आला. सोबत एक ओळ, नुकसान ग्राहकाच्या हाताळणीमुळे झाले आहे, वॉरंटीत बसत नाही. सही कुणाची तेही वाचता येत नाही. कंपनीचं नाव घेत नाही, आणि शिकार योग्य की अयोग्य हा वादही इथे नको, जिथे कायद्याने परवानगी आहे तिथली गोष्ट आहे आणि प्रश्न वॉरंटीचा आहे.

तडा कुठे होता ते सांगतो कारण सगळं त्यातच आहे. रिसीव्हर म्हणजे नळी आणि चालणारे भाग धरणारा धातूचा सांगाडा, त्याच्या मागच्या टोकाला टँग नावाची धातूची पट्टी असते, तिच्या बरोबर मागे, दस्ता जिथे हातात धरायला बारीक केलेला असतो तिथे. गोळी सुटली की धक्का मागे येतो, तो रिसीव्हरखालच्या रिकॉइल लगने, म्हणजे धातूच्या खुंट्याने, झेलायचा असतो आणि टँगच्या मागे लाकडात अगदी बारीक फट सोडायची असते. लग लाकडाला नीट टेकलेला नसेल आणि ती फटही नसेल तर प्रत्येक गोळीला टँग पाचर ठोकल्यासारखी लाकडात घुसते आणि दस्ता रेषेत उभा फाटतो. हे फिटिंग कारखान्यात होतं, माझ्या घरी नाही! रायफल पडली तरी दस्ता त्याच बारीक भागात मोडू शकतो, मान्य, पण मग कुठेतरी खोक पडते, पॉलिश उडतं, स्कोपला, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीला, मार बसतो. माझ्या रायफलवर बाहेरून एक ओरखडा नाही. कंपनीने रिसीव्हर दस्त्यातून काढून आतली बाजू पाहिली का, एवढंच मी विचारलं, त्याला आजपर्यंत उत्तर नाही.

आणि इथेच लेख चुकतो. चूक कुणाची हे ठरवणार कंपनीच, तपासणार कंपनीचाच माणूस आणि वॉरंटी नाकारली की पैसेही कंपनीचेच वाचणार. बाहेरच्या बंदूक कारागिराकडे उघडून बघायला द्यावी तर परवानगीशिवाय काम केलं म्हणून वॉरंटी गेली. घरी भरलेली काडतुसं वापरली तर गेली, गंज असेल तर गेली, नळी झिजली तर ती नेहमीची झीज. ‘आयुष्यभराची वॉरंटी’ बऱ्याचदा फक्त पहिल्या खरेदीदाराची असते, वडिलांची रायफल मुलाकडे आली की संपली. बरं, ही वस्तू पिशवीत घालून दुकानात नेऊन आपटता येत नाही, परवाना, नंबर, कागद, ने-आणीचे नियम, सगळं सांभाळून पाठवावी लागते, तोवर हंगाम गेलेला असतो.

लेखात अमेरिकेतल्या ग्राहक कायद्यांचं कौतुक आहे. तिथला १९७२ चा ग्राहक वस्तू सुरक्षा कायदा बंदुका आणि काडतुसांना लागूच होत नाही, त्यामुळे सदोष रायफल परत बोलवायला लावण्याचा अधिकार तो कायदा राबवणाऱ्या सरकारी आयोगाला नाही, कंपनीने स्वतःहून बोलवली तर बोलवली. रेमिंग्टन या अमेरिकी बंदूक कंपनीने २०१४ मध्ये मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हनच्या एक्स-मार्क प्रो ट्रिगर असलेल्या रायफली परत मागवल्या, जोडणीत चिकटद्रव्य जास्त झाल्याने रायफल आपोआप झडू शकते असं कारण दिलं. त्यात २००६ पासून बनलेल्या रायफली होत्या! पुढे ती कंपनी २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली आणि तुकड्यांनी विकली गेली. अशा वेळी जुन्या कार्डाचं काय करायचं तेही लेखकांनी सांगावं.

माझी मागणी मोठी नाही. वॉरंटी नाकारायची असेल तर कारण लेखी द्या, उघडलेल्या भागांचे फोटो द्या, तपासणाऱ्याचं नाव द्या आणि दुसऱ्या कारागिराचं मत ऐकून घ्या. माझ्याकडे तड्याचे फोटो आणि ते एका ओळीचं पत्र आहे, लेखकांना हवं असेल तर पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक

ता.क. लेखासोबतचा फोटो दुनळी शॉटगनचा आहे, रायफलचा नाही. आणि त्यातल्या माणसाचं बोट नेम धरलेला नसताना ट्रिगरवर आहे. असा फोटो छापू नका, नवीन माणूस बघून तसंच धरतो.