आंबोलीच्या सोबत्यांचे आभार

आंबोलीत पावसाळी रात्री बेडकांच्या नोंदी घेताना सोबत आलेल्या गावकऱ्यांचे मनापासून आभार. नावं लिहू नका, असं त्यांनीच बजावलंय. कारवीवर बसलेला मलबारी चापडा हा विषारी साप आमच्या विजेरीआधी त्यांना दिसायचा. हिरवा सोडाच, शेवाळाच्या रंगात मिसळलेला तपकिरीसुद्धा! ‘थंय हात लावू नकात,’ एवढंच म्हणायचे. आपल्याकडचं सर्पदंशावरचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्याच विषापासून बनतं, चापड्याच्या नाही. त्यामुळे त्या हाकेचं मोल आम्ही जाणतो. साप दिसला म्हणून काठी उचलणारा त्यांच्यात एकही नव्हता. पहाटे आमचे भिजलेले बूट चुलीपाशी सुकत ठेवणाऱ्या मावशींचेही आभार. आणि हो, जळवांसाठी दिलेल्या तंबाखूच्या पुडीबद्दलही!