तुझ्या साप्ताहिक पानाबद्दल, जरा सविस्तर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या भागातल्या घडामोडी, करमणुकीचे कार्यक्रम आणि पर्यावरण सांभाळून जगण्याच्या सूचना असं सगळं मिळून दर आठवड्याला एक पान काढायचं तू अंगावर घेतलंस, हे वाचून मनापासून आनंद झाला. पान कसं असावं, काय घ्यावं, काय टाळावं, असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं ते नव्हतं, म्हणून पत्रच लिहायला बसलो.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. तू तीन चौकटी आखल्या आहेस: वर घडामोडी, मध्ये मनोरंजन, तळाला हिरव्या सूचना. ही वाटणीच मला पटत नाही. चालत जाण्याच्या अंतरावर गाण्याची बैठक आहे हे वेळेत कळलं, तर माणूस गाडी काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला जात नाही. बंद पडलेला पंखा दुरुस्त करून देणारी मंडळी रविवारी शेजारच्या सभागृहात बसणार आहेत हे कळलं, तर तो पंखा भंगारात जात नाही. अशा वेळी बातमी हीच सूचना असते. उलट ‘वस्तू फेकू नका, दुरुस्त करा’ ही नुसती ओळ वाचून कोण जागचं उठतं? कुठे, कधी, कोणाकडे हे त्यात नसेल, तर नजर तशीच पुढे जाते. म्हणून प्रत्येक मजकुराला एकच प्रश्न विचार: हे वाचून या आठवड्यात कोणी घराबाहेर पडेल का, किंवा घरात काही बदलेल का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तो मजकूर कितीही चांगला असला तरी तुझ्या पानाचा नाही.

दुरुस्तीचा विषय निघालाच आहे, तर रिपेअर कॅफेचं सांगतो. मार्टिन पोस्टमा या डच पत्रकार बाईंनी २००९च्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला. कल्पना अगदी साधी. ज्यांना हत्यारं चालवता येतात ते एका जागी बसतात, लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात, आणि दोघं मिळून त्या उघडतात. वस्तू ठेवून निघून जायचं नाही, शेजारी बसून बघायचं. आज जगभर असे मेळावे भरतात. आता सांग, ही घडामोड, करमणूक की हिरवी सूचना? मला तर तिन्ही वाटतं. तुमच्या भागात असं काही भरत नसेल, तर ते सुरू करायला तुझ्या पानातली एक विचारणाही पुरेल: ‘कोणाला शिलाई मशीन, सायकल, मिक्सर दुरुस्त करता येतो?’ नावं येतील, बघ.

साप्ताहिकच का, असंही तू विचारलं होतंस. माणसं आपला वेळ आठवड्याच्या हिशेबानेच ठरवतात, हे पहिलं कारण. रोजचं फार होतं आणि महिन्याचं विसरलं जातं. पहिलं छापील वृत्तपत्र म्हणून जे ओळखलं जातं, ते योहान कारोलुसने १६०५मध्ये स्ट्रासबर्गला काढलं, आणि तेही साप्ताहिकच होतं. त्याआधी तो हाताने नकला करून मोजक्या श्रीमंत वर्गणीदारांना बातम्या पुरवायचा. नकला करण्यात फार वेळ जातो म्हणून तो छपाईकडे वळला. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुझं खरं भांडवलही वेळच आहे. पान तयार करण्यातच तुझा आठवडा संपला, तर कार्यक्रमांना जाऊन बघणार कधी? आराखडा असा ठेव की निम्मं पान ठराविक साच्यात पटकन भरता येईल आणि उरलेलं निम्मं फिरून, बघून, बोलून लिहिता येईल.

कार्यक्रमांच्या नोंदी साच्यात लिही, पण साचा पूर्ण असू दे. बहुतेक जाहिरातींत तारीख, वेळ आणि पाहुण्यांची नावं असतात, आणि ज्याला खरोखर जायचंय त्याचे प्रश्न तसेच राहतात. जागा वरच्या मजल्यावर असेल, तर लिफ्ट आहे का? बसायला खुर्च्या आहेत की सतरंजी? लहान मुलं चालतील का? मोफत असला तरी आधी नाव नोंदवायचं का? कार्यक्रम संपेल तेव्हा परतीची बस मिळेल का? गुडघे दुखणाऱ्या आजींना आणि कडेवर बाळ असलेल्या आईला हे कळलं नाही, तर त्या घरीच बसतात. या पाच गोष्टी आयोजकांना फोन करून विचार आणि प्रत्येक नोंदीत एका ओळीत लिही. हे काम कंटाळवाणं आहे, पण तुझ्या पानाची पत यावरच ठरणार आहे. वेळ चुकीची छापली गेली आणि चार माणसं बंद दारासमोर उभी राहिली, की ती पुन्हा पानावर विश्वास ठेवणार नाहीत.

करमणुकीबद्दल माझं मत जरा ठाम आहे. नव्या मालिका आणि मोठ्या सिनेमांची यादी तू देऊ नकोस. ती लोकांना दहा ठिकाणी मिळते. हौशी नाटक मंडळाची तालीम, वाचनालयातलं मोठ्याने वाचन, शाळेच्या मैदानावरचे सामने यांची दखल दुसरं कोणी घेत नाही. तिथे जा, आणि ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ हे वाक्य कधीही लिहू नकोस. त्याऐवजी एक गोष्ट जवळून पाहिलेली लिही. दुसऱ्या अंकात दिवे गेले आणि नटांनी अंधारातच प्रवेश कसा पूर्ण केला, तबलजीने सुरुवातीला हातोडी घेऊन किती वेळ सूर जुळवला आणि श्रोते तेवढा वेळ कसे शांत बसले, असं काहीतरी. जो आला नव्हता, त्याला पुढच्या वेळी यावंसं वाटलं पाहिजे.

आणि एक करमणूक अशी आहे, जिला ना तिकीट लागतं ना वीज. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून जेमिनिड्सचा उल्कावर्षाव दिसतो. १२-१३ ऑगस्टच्या आसपास पर्सिड्स असतात. बहुतेक उल्कावर्षावांचं मूळ धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीत असतं. जेमिनिड्सचं मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाशी नातं आहे, हे मुलांना सांगितलं तर ती जागीच राहतील. दुर्बीण लागत नाही, उलट ती नसलेलीच बरी, कारण उल्का आकाशात कुठेही चमकते. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ फोन बघायचा नाही. त्या आठवड्याच्या पानात एवढीच विनंती छाप: रात्री अकरानंतर इमारतीचे बाहेरचे अनावश्यक दिवे दोन तास बंद ठेवा आणि गच्चीवर या. चंद्र केव्हा उगवतो आणि मावळतो ते मात्र आधी बघून घे. पौर्णिमेच्या जवळपास असेल, तर फारसं दिसणार नाही.

आता हिरव्या सूचनांकडे येतो. खरं म्हणजे यासाठीच हे पत्र इतकं लांबलंय.

अशा सूचनांत मला सगळ्यात खटकतं ते हे, की लहान आणि मोठ्या गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात. ‘चार्जर सॉकेटमधून काढा’ आणि ‘गरम पाणी जपून वापरा’ या दोन ओळी शेजारी छापल्या, की वाचणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. हिशेब करून बघ. २,००० वॅटचा गिझर १५ मिनिटं चालला की अर्धा युनिट वीज जाते. फोन न लावता सॉकेटमध्ये राहिलेला चार्जर अर्धा वॅट घेतो असं धरलं, तरी तेवढी वीज जायला १,००० तास, म्हणजे ४१ दिवसांहून जास्त लागतात. चार्जर काढण्यात वाईट काही नाही. पण तेवढं करून माणसाचं समाधान झालं आणि गिझर तसाच तापत राहिला, तर आपण त्याला चुकीची दिशा दाखवली असं मी म्हणेन. प्रामाणिक माणसाची मेहनत योग्य जागी लागावी, ही लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे.

कापडी पिशवीचंही तसंच. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११मध्ये पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवामानावरच्या परिणामाचा विचार करता, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असं त्यात दिसलं. कापूस पिकवायला आणि कापड तयार करायला पाणी, खत, ऊर्जा लागते, म्हणून. प्लास्टिक नाल्यात अडकतं, जनावरांच्या पोटात जातं, ते नुकसान या आकड्यात धरलेलं नाही, तेव्हा कापडी पिशवी सोडायचं कारण नाहीच. पण प्रत्येक समारंभात नवीन पिशवी भेट देणं थांबायला हवं. ‘घरात आहे तीच पिशवी फाटेपर्यंत वापरा, मग शिवून पुन्हा वापरा’ असं स्पष्ट लिही.

सगळ्यात जास्त जागा अन्नाला दे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४मध्ये दिलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांसाठी उपलब्ध असलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातलं ६० टक्के वाया गेलं ते घरांमधून, हॉटेलं आणि दुकानं मिळून बाकीचं. म्हणजे आपल्या हातातली ही फार मोठी गोष्ट आहे. शिवाय ते अन्न कचऱ्याच्या डोंगरात दाबलं गेलं, की हवा न मिळता कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २५ ते ३० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून आधी अन्न उरणारच नाही हे बघायचं आणि जे उरेल, सोललं जाईल, त्याचं खत करायचं. हा क्रम उलटा होऊ देऊ नकोस. डबाभर ताजं अन्न खतात टाकून कोणी धन्यता मानू नये.

कंपोस्टवर सलग काही आठवडे थोडं थोडं लिही, एकदम सगळं नको. लोक सोडून देतात ते वासामुळे, आणि वास येतो तो ओला कचरा जास्त, सुका कमी झाल्यामुळे. जिवाणूंना नत्राच्या पंचवीस-तीस पट कार्बन लागतो. तो सुका पाला, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा यांतून मिळतो. घरात कोणी तराजू घेऊन बसणार नाही, तेव्हा सोपं सांग: ओल्याचा एक थर पडला, की त्याच्यावर तेवढा किंवा थोडा जास्त सुका पाला. मग हाताची परीक्षा. आतलं मिश्रण मुठीत घेऊन घट्ट दाबायचं. बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंब आले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर पाला घालून ढवळायचं. मूठ उघडल्यावर गोळा भुगा होऊन पडला, तर पाणी शिंपडायचं. मोठा ढीग चांगला जमला, तर आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातं आणि हात घातला तर चटका बसतो. बादलीएवढ्या डब्यात तेवढी ऊब धरत नाही. तिथे खत सावकाश होतं, पण होतं. हे लिहिलं नाहीस, तर लोकांना वाटेल आपलंच काहीतरी बिघडलंय.

गळक्या नळाचं एका ओळीत संपव: रात्री खाली भांडं ठेवा आणि सकाळी माप घ्या. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण वीस लिटर. स्वतः मोजलेलं पाणी बघितलं, की माणूस त्याच दिवशी वायसर बदलतो.

आणखी एक सदर मात्र नक्की ठेव, आणि ते कुठेच नसतं म्हणून आग्रह धरतोय: ‘पुढे काय झालं?’ झाडं लावल्याची बातमी सगळे देतात. सहा महिन्यांनी त्यांतली किती जगली हे कोणी जाऊन बघत नाही. तू जा. मोजून लिही, आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालणार ते विचार. स्वच्छता मोहिमेचंही तेच. एस्टोनियात ३ मे २००८ रोजी ५० हजार माणसांनी एका दिवसात सुमारे १० हजार टन बेवारस कचरा गोळा केला. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते आदल्या महिन्यांतलं काम. स्वयंसेवकांनी देशभर फिरून कचऱ्याच्या जागा नकाशावर टिपून ठेवल्या होत्या, म्हणून त्या दिवशी कोणी कुठे जायचं हे ठरलेलं होतं. तुझं पान नेमकं हेच करू शकतं. दर आठवड्याला वाचकांकडून दोन जागा मागव, नोंदव, आणि त्या साफ होईपर्यंत पुन्हा पुन्हा छाप.

पान फक्त फोनवर पाठवून थांबू नकोस. ठळक अक्षरांत छापलेली एक प्रत वाचनालयाच्या फलकावर आणि एक दवाखान्याच्या बाहेर लागली पाहिजे. ज्यांना सोबतीची सगळ्यात जास्त गरज असते, ती माणसं बऱ्याचदा फोन बघत नाहीत. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नकोस. आणि पान गुरुवारी संध्याकाळी निघू दे, म्हणजे शनिवार-रविवारचं ठरवायला लोकांना वेळ मिळेल.

पहिल्या पानाचा कच्चा मसुदा झाला की पाठव. तिथल्या वेळा आणि पत्ते मला तपासता येणार नाहीत, पण आकडे आणि कंपोस्टचा मजकूर मी बघून देईन. दुरुस्तीसाठी कोणाकोणाची नावं आली, तेही कळव. घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र